मूळ वाणी आणि तिचा दुभाषी

गतवर्षी ज्ञानेश्वरी जयंतीच्या आदल्या रात्री आमचे कीर्तन आटोपले. आरती झाली, बुक्का लावून मंडळी पांगली. आम्ही वीणा खाली ठेवीत असता ऐंशीच्या घरातील एक माउली जवळ आल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "बुवा, एक इचारू का? मला संस्कृत येत न्हाई. मी आपली ओवीची पोथी वाचते. ते वर पोचतं का? का मुळातलंच लागतं?" अधिक विचारता कळले की, कोणीतरी त्यांना 'मुळाशिवाय फळ नाही' असे ठासून सांगितले होते, आणि महिनाभर त्यांनी ज्ञानेश्वरी रुमालात बांधून ठेवली होती.

"पोचतं, माई," असे आम्ही तत्काळ म्हणालो. परंतु घरी आल्यावर मनास स्वस्थता लाभेना. आम्ही जन्मभर पूर्वरंगात संस्कृत श्लोक मांडून उत्तररंगात त्याची मराठी केली. पाठशाळेत मुलांना मुळाचा एक स्वर ढळू देऊ नका, असे बजावलेही आम्हीच. मग माईंना दिलेले उत्तर खरे की मुलांना दिलेले? हा प्रश्न केवळ आपलाच नव्हे. यरुशलेमात, अलेक्झांड्रियात आणि गालील सरोवराच्या काठीही तो विचारला गेला आहे. यहुदी आणि ख्रिस्ती धर्मग्रंथांच्या मूळ भाषांचा इतिहास म्हणजे याच प्रश्नाचा इतिहास होय. आजच्या पुण्यदिनी तो वाचकांपुढे ठेवावा असे मनात आहे.

बायबल हे इंग्रजांचे पुस्तक, अशी आपल्याकडे पुष्कळांची समजूत असते. आमचीही तरुणपणी तशीच होती. वस्तुस्थिती अशी की, त्यातील एक ओळही मुळात इंग्रजीत नाही. ख्रिस्ती लोक ज्यास जुना करार म्हणतात तो यहुदी लोकांचा पवित्र ग्रंथ बहुतांशी हिब्रू भाषेत आहे, त्याचा काही भाग अरामी भाषेत आहे, आणि सत्तावीस पुस्तकांचा नवा करार ग्रीक भाषेत आहे.

हिब्रू आणि अरामी या सख्ख्या बहिणी म्हणाव्यात इतक्या जवळच्या भाषा. उत्पत्तीच्या पुस्तकात याकोब आणि त्याचा सासरा लाबान यांच्या समेटाची कथा आहे. दोघांच्या करारास साक्ष म्हणून दगडांची रास रचली गेली. लाबानाने तिला आपल्या अरामी भाषेत नाव दिले, याकोबाने आपल्या हिब्रूत. अर्थ एकच : साक्षीची रास. एका राशीला दोन भाषांत दोन नावे, आणि ग्रंथकर्त्याने दोन्ही जशीच्या तशी जपली. दानीएलाच्या ग्रंथात तर याहून नवल आहे. राजाच्या दरबारातील पंडित अरामीत उत्तर देऊ लागतात, तेथे दुसऱ्या अध्यायात ग्रंथाची भाषाच पालटते, आणि सातवा अध्याय संपेपर्यंत अरामी चालते. आपल्या संस्कृत नाटकांत राजा संस्कृत बोलतो आणि इतर पात्रे प्राकृत बोलतात, त्याची येथे सहजच आठवण होते.

हे अरामीचे प्राबल्य आले कोठून? इ. स. पू. ५८६ च्या सुमारास बाबेलच्या राजाने यरुशलेमचे मंदिर उद्ध्वस्त केले आणि यहुदी लोकांतील प्रमुख घराणी बाबेलात नेली. पुढे इराणी सम्राटांच्या राज्यात कारभाराची आणि व्यापाराची भाषा अरामी झाली. दोन-तीन पिढ्यांत व्हायचे तेच झाले. मंदिर गेले त्याच्या मागोमाग घरातली भाषाही चालली. नहेम्याच्या ग्रंथात अशी खंत नोंदलेली आहे की, कित्येक मुलांना आपल्या पूर्वजांची भाषा बोलताच येत नाही.

त्याच ग्रंथात एक प्रसंग आहे. आम्हा कीर्तनकारांनी तर तो मनावर कोरून ठेवावा. वर्षाच्या सातव्या महिन्याचा पहिला दिवस. यहुदी पंचांगही आपल्याप्रमाणे चंद्राचे, अधिक महिना धरणारे, त्यामुळे हा दिवस पुष्कळ वर्षी आपल्या घटस्थापनेच्या आगेमागेच येतो. यरुशलेमच्या जलद्वारापुढील चौकात स्त्री-पुरुष आणि समजू लागलेली मुले जमली. त्या कामासाठी मुद्दाम केलेल्या लाकडी चौथऱ्यावर एज्रा शास्त्री उभा राहिला आणि पहाटेपासून दुपारपर्यंत मोशेचे नियमशास्त्र, म्हणजे तोरा, वाचीत राहिला. लोकांत उभे असलेले लेवी सेवक त्याचा अर्थ फोड करून सांगत होते. अर्थ कळला तेव्हा लोक रडू लागले. त्यावर त्यांना सांगण्यात आले की, आजचा दिवस पवित्र आहे, रडू नका, गोडधोड खा, आणि ज्यांच्या घरी काही शिजले नाही त्यांना वाटा पाठवा. श्रवण, अर्थ, अश्रू आणि प्रसाद! आपल्या सप्ताहाहून यात वेगळे काय आहे?

यातूनच पुढे सभास्थानात एक विलक्षण प्रथा स्थिर झाली. एक जण मूळ हिब्रू वाची आणि त्याच्या शेजारी उभा राहून दुसरा ते लोकांच्या अरामीत सांगे. या दुसऱ्यास 'मतुर्गमान' म्हणत आणि त्याच्या कथनास 'तार्गुम'. आपण मराठीत ज्यास 'तर्जुमा' म्हणतो तो अरबीतून आलेला शब्द याच कुळातला.

या मतुर्गमानासाठी यहुदी शास्त्रकारांनी घालून दिलेले नियम वाचताना आम्हास वारंवार आमचे गुरुजी आठवले. तोरा वाचताना एका वेळी एकच वचन दुभाष्यापुढे ठेवावे. दुभाष्याने लिखित कागदावरून वाचू नये, तोंडानेच सांगावे, म्हणजे श्रोत्यांना त्याचा शब्द हाच मूळ ग्रंथ वाटणार नाही. वाचणाऱ्याने त्याला मधेच शब्द सुचवू नये, तेही याच कारणासाठी. त्याचा आवाज वाचणाऱ्याच्या आवाजावर चढू नये. खांबाला टेकून उभे राहू नये, भीतियुक्त आदराने उभे राहावे. एका आचार्यांचे मत तर असे नमूद आहे की, जो वचनाचा केवळ शब्दशः तर्जुमा करतो तो खोटे बोलतो आणि जो पदरचे घालतो तो देवनिंदा करतो. मग दुभाष्याने करावे तरी काय? या दोन दऱ्यांमधल्या अरुंद वाटेने चालावे, हेच. येमेनमधून आलेल्या यहुदी लोकांच्या सभास्थानांत ही प्रथा आजही टिकून आहे.

आता नाईल नदीच्या मुखाकडे वळू. अलेक्झांड्रिया नगरीत यहुद्यांची मोठी वस्ती होती आणि त्यांची भाषा झाली होती ग्रीक. इ. स. पू. तिसऱ्या शतकात तेथे तोराचे ग्रीक भाषांतर झाले. आख्यायिका अशी की, दुसऱ्या टॉलेमी राजाने आपल्या ग्रंथालयासाठी यरुशलेमहून विद्वान मागविले. बारा वंशांतून प्रत्येकी सहा, असे बहात्तर जण आले आणि बहात्तर दिवसांत काम पुरे झाले. पुढच्या लोकांनी त्यात भर घातली की, प्रत्येकाने वेगळे बसून भाषांतर केले आणि अखेर सर्वांचा शब्दन् शब्द जुळला. या भाषांतरास पुढे लॅटिनमध्ये 'सेप्टुआजिंट', म्हणजे सत्तर, असे नाव पडले. आपल्या 'सप्तति' शब्दाशी त्याचे नाते कानालाच कळते.

या एकाच घटनेचे दोन स्मरणदिन इतिहासात आढळतात. अलेक्झांड्रियाचा यहुदी तत्त्वज्ञ फायलो याने लिहून ठेवले आहे की, दरवर्षी लोक समुद्रातील फारोस बेटावर जात, जेथे भाषांतर झाले त्या जागेला वंदन करीत, देवाचे आभार मानीत, आणि किनाऱ्यावर राहुट्या ठोकून किंवा वाळूवरच बसून सहभोजन करीत. यात यहुदी असत तसेच इतरही असत. म्हणजे भाषांतराचा उत्सव! उलट पुढील काळातील यहुदी परंपरेत तेवेत महिन्याची आठवी तिथी, जी आपल्या मार्गशीर्ष-पौषाच्या सुमारास येते, याच भाषांतराबद्दल उपवासाची म्हणून सांगितली गेली. त्या दिवशी जगावर तीन दिवस अंधार पसरला, असे म्हणत. सोन्याचे वासरू करून पूजले तो दिवस इस्राएलास जितका अनिष्ट, तितकाच हाही, असेही एका जुन्या ग्रंथात म्हटले आहे. वाळूवर बसून जेवणारे आणि अंधार मानून उपाशी राहणारे, दोघेही एकाच ग्रंथाचे भक्त!

वाचकहो, यात कोणाला हसू नये. दोन्ही बाजूंना सत्य होते.

प्रथम उपवास करणाऱ्यांचे सत्य पाहू. हिब्रू लिपीत बावीस अक्षरे, ती उजवीकडून डावीकडे लिहावयाची, आणि सारी व्यंजने. आपण 'कळ' एवढीच दोन अक्षरे लिहिली तर काळ वाचावा, केळ वाचावी की कोळी? ते परंपरेने शिकलेल्यालाच कळणार. निर्गमाच्या पुस्तकात मोशे पर्वतावरून उतरला तेव्हा त्याच्या मुखाचे जे वर्णन आहे त्यात क-र-न या तीन व्यंजनांचे क्रियापद आहे. त्याच धातूपासून शिंगाचा वाचक शब्द होतो. परंपरा म्हणते, मोशेचे मुख तेजाने झळकत होते. परंतु चौथ्या-पाचव्या शतकांच्या संधीवर बेथलेहेमात बसून हिब्रूवरून लॅटिन भाषांतर करणाऱ्या जेरोमने तेथे शिंगे असलेल्या मुखाचा शब्द योजिला. परिणाम काय झाला? हजाराहून अधिक वर्षांनी मायकेलअँजेलोने घडविलेली मोशेची भव्य मूर्ती आज रोममधील एका चर्चमध्ये आहे, आणि तिच्या मस्तकावर दोन शिंगे आहेत! जेरोम काही आळशी नव्हता. लॅटिन जगात हिब्रू मुळाचा आग्रह धरणारा तोच अग्रणी. त्याचीही ही गत.

दुसरे उदाहरण लिंगाचे. वारा, श्वास आणि आत्मा या तिहींना मिळून हिब्रूत 'रुआह' हा एक शब्द आहे, आपल्या 'प्राण' शब्दासारखा, आणि तो बहुधा स्त्रीलिंगी चालतो. ग्रीकमध्ये त्याचा प्रतिशब्द नपुंसकलिंगी झाला, लॅटिनमध्ये पुल्लिंगी. ग्रंथ एक, परंतु ध्यान करणाऱ्याच्या मनातील आकृती भाषेबरोबर पालटली.

म्हणून मुळाचे रक्षण करणारे एक अपूर्व घराणे उभे राहिले. त्यांना 'मासोरेत' म्हणतात. सातव्या ते दहाव्या शतकांत गालील सरोवराकाठच्या तिबेरियास गावी त्यांनी अक्षरांना हात न लावता त्यांच्या वर-खाली ठिपके व रेघा देऊन स्वर, विराम आणि पठणाचा सूर नोंदविला. जेथे लिहिलेले एक आणि वाचण्याची परंपरा दुसरी, तेथे लिहिलेले तसेच ठेवून वाचण्याचे समासात टिपले. शब्दांची, अक्षरांची गणती ठेवली. तोराच्या गुंडाळीत एक अक्षर चुकले तर दुरुस्तीवाचून ती वाचनास चालत नाही. आपल्याकडे पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ, घनपाठ यांनी वेद कंठात राखले, त्यांनी शाईत राखले. इ. स. १००८-०९ मधील त्यांची एक संपूर्ण प्रत रशियात सेंट पीटर्सबर्ग येथे आहे, आणि आजच्या छापील हिब्रू आवृत्त्यांपैकी प्रमुख आवृत्ती तिच्याच आधारे निघते.

हे रक्षण किती चोख होते, याची परीक्षा १९४७ नंतर झाली. मृत समुद्राच्या काठी कुमरान येथील गुहांत मेंढपाळांना मडक्यांत ठेवलेल्या कातड्याच्या गुंडाळ्या सापडल्या. पुढील शोधात अकरा गुहांतून हिब्रू, अरामी आणि ग्रीक लेख निघाले. त्यांत यशयाच्या ग्रंथाची सव्वासात मीटरांहून लांब गुंडाळी निघाली, सहासष्ट अध्यायांची. ती ख्रिस्तपूर्व काळातली, म्हणजे मासोरेतांच्या प्रतींहून सुमारे एक हजार वर्षे जुनी. ताडून पाहता वर्णलेखनाचे आणि काही शब्दांचे भेद दिसले, परंतु ग्रंथ तोच!

तथापि रक्षणालाही एक दुःखाची बाजू आहे. ईश्वराचे चार अक्षरी नाव यहुदी लोकांना इतके पवित्र की, ते उच्चारणे त्यांनी सोडले, आणि त्या जागी 'अदोनाय', म्हणजे प्रभू, असे वाचू लागले. काळाच्या ओघात त्या नावाचा मूळ उच्चार लोकांच्या कानांतून निघून गेला. 'यहोवा' हा प्रचलित उच्चार त्या चार व्यंजनांना 'अदोनाय'चे स्वर जोडून झालेला आहे. अक्षर राहिले, ध्वनी हरपला. ज्याला जिभेवर येऊ दिले नाही, ते जिभेवरून गेले.

आता वाळूवर जेवणाऱ्यांचे सत्य. येशू ख्रिस्ताची बोली अरामी होती. परंतु त्याचे चरित्र आणि उपदेश ज्या शुभवर्तमानांत आहेत, ती ग्रीकमध्ये आहेत. म्हणजे ख्रिस्ती धर्माचे मूळच एका अर्थी भाषांतर होय! गुरूच्या मुखातील प्रत्यक्ष शब्द मोजकेच उरले. पित्याला हाक मारण्याचा 'अब्बा', बहिऱ्याचे कान उघडताना उच्चारलेला 'एफ्फथा', निजलेल्या मुलीला उठवणारे दोन शब्द, आणि क्रूसावरील आर्त हाक. मार्काने हे शब्द अरामीत ठेवून शेजारी ग्रीक अर्थ दिला. त्या अखेरच्या हाकेचा अर्थ जवळ उभ्या असलेल्या काहींनाही कळला नाही. एलीयाला बोलावतो आहे, असे त्यांना वाटले, असे तोच लिहितो.

आणि ही ग्रीक तरी कोणती? होमरची किंवा प्लेटोची नव्हे. नव्या कराराची भाषा शिष्ट ग्रीकहून वेगळी पाहून, ही काही खास पवित्र भाषा असावी, असे काही विद्वान मानीत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ईजिप्तच्या वाळूत, गावकुसाच्या उकिरड्यांत, जुने पपायरसचे कागद विपुल सापडू लागले. त्यांत सामान्यांची पत्रे होती, पावत्या होत्या, अर्ज होते. जर्मन पंडित आडोल्फ डाइसमान याने दाखवून दिले की, नव्या कराराची भाषा हीच आहे. तिला 'कोइने', म्हणजे सर्वांची, असे म्हणतात. जी देवाची खास भाषा वाटली, ती बाजाराची आणि चुलीपुढची निघाली. श्रद्धावंतांचे यात काही उणे झाले, असे आम्हास वाटत नाही.

हा प्रवाह आपल्या मराठीपर्यंतही आला. इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आला आणि १६१६ साली त्याचे क्रिस्तपुराण ओवी छंदात प्रसिद्ध झाले. संस्कृत विद्येने 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या मिळविलेल्या रमाबाईंनी उतारवयात हिब्रू व ग्रीक यांचा अभ्यास करून केडगाव येथे मुळावरून साध्या मराठीत बायबल उतरविले. १९२२ साली मृत्यूपूर्वी त्यांनी ते काम पुरे केले. त्यांचा मार्ग आमचा नव्हे, परंतु त्या परिश्रमापुढे पंडिताने मान लववावी.

आणि आपल्या कोकणातील बेने इस्राएल! शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून 'शनवार तेली' म्हटले जाणारे हे लोक. हिब्रूतील त्यांची मुख्य प्रार्थना त्यांनी पिढ्यान् पिढ्या राखली, बाकी भाषा मात्र विसरली होती. १८३२ साली जॉन विल्सन याने हिब्रूचे व्याकरण मराठीत छापले ते त्यांच्याच उपयोगी पडावे म्हणून. १८७४ साली त्यांच्या वल्हांडण सणाची पोथी पुण्यात हिब्रू व मराठीत मिळून निघाली, आणि तिच्यातल्या चित्रांत बायका लुगडी नेसलेल्या आहेत. त्याच शतकाच्या उत्तरार्धात त्यांनी मुंबईत आपल्या पूर्वजांची चरित्रे मराठी कीर्तनातून गायिली. एज्राच्या चौथऱ्याशेजारी उभा असलेला दुभाषी टाळ-मृदंगाच्या साथीला येऊन पोहोचला, असेच म्हणावयाचे!

आमच्या नाथमहाराजांच्या पैठणात राहणाऱ्यास हे सारे परके कसे वाटावे? नाथांनी भागवत मराठीत आणले म्हणून काशीच्या पंडितांनी आधी आक्षेप घेतला आणि पुढे तोच ग्रंथ मिरवणुकीने गौरविला, असे सांगतात. तेच नाथ शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रती जमवून, शब्द ताडून, पाठ शुद्ध करतात, आणि कोणी पदरची ओवी घालू नये, अशी ताकीद देतात. भागवत मराठीत आणणारा हात आणि ओवीचे अक्षर राखणारा हात एकच होता. फारोसचा उत्सव आणि तेवेतचा उपवास त्या एका पुरुषात एकत्र नांदले.

माईंना आम्ही दिलेले उत्तर खरे होते आणि मुलांना दिलेलेही. मूळ राखणारा नसेल तर दुभाषी मोशेला शिंगे लावील. दुभाषी नसेल तर मूळ गुंडाळीत राहील आणि मुले दुसऱ्याच भाषेत रडतील. फळ मुळात की तर्जुम्यात, हा प्रश्नच चुकला. ज्याने त्या माउलीला पोथी बांधून ठेवावयास लावली, त्याने मुळाचेही रक्षण केले नाही.

यंदा षष्ठीला आम्ही माईंच्या घरी जाणार आहोत. रुमाल सोडलेला आहे, असा निरोप आला आहे. आम्ही गीतेचा एकेक श्लोक म्हणू आणि त्यावरच्या ओव्या त्या वाचतील. आमचा आवाज त्यांच्या आवाजावर चढू नये, एवढे मात्र आम्ही सांभाळणार आहोत. सुज्ञ वाचकांनीही आज घरातील पोथी उघडावी. ज्याला श्लोक येतो त्याने श्लोक म्हणावा, ज्याला ओवी येते त्याने ओवी म्हणावी, आणि शेजारी ज्याच्याकडे काही शिजले नसेल त्याला वाटा पाठवावा.

इत्यलम्.